तिसरी खुंटी

सिद्रामअण्णाचा दुसराच बॉल समोरच्या टीमच्या ओपनरच्या बरगडीत बसला. मी स्टंपांच्या मागं पंधरा पावलांवर उभा होतो, तिथंही मला तो आवाज ऐकू आला. बिराजदार नावाचा तो धिप्पाड गडी बॅट टाकून गुडघ्यांवर आला आणि बराच वेळ त्याला श्वासच घेता येईना. त्याच्या माणसांनी पाणी आणलं, पाठ चोळली, बाहेर चल म्हणून विनवलं. पण एवढ्या लोकांसमोर बाहेर जायची त्याला लाज वाटली असावी. तो पुन्हा उभा राहिला आणि पुढच्या बॉलला त्याचा मधला स्टंप उडून माझ्या पायाशी आला. जाता जाता त्यानं मला विचारलं की हा म्हातारा कुठून पैदा केला. मी म्हणालो, आमच्या मिलच्या सायझिंग खात्यातून.

हे शहात्तर सालच्या जानेवारीत बार्शीला घडलं. आमची नारायणदास मिल आणि सोलापूरचा त्रिवेणी क्लब यांच्यात शिल्डची फायनल होती, दोन दिवसांची. मी मिलचा कीपर. मधुकर ढगे, फोल्डिंग खातं, तेव्हा वय एकतीस. आदल्या दिवशी आम्ही जेमतेम दीडशेच्या वर गेलो होतो आणि आमचा फास्ट बोलर काविळीनं अंथरुणाला खिळला होता. म्हणून आमचे कॅप्टन, स्पिनिंग मास्टर शेणोलीकर साहेब, नाइलाजानं अण्णाच्या दारात गेले होते. अण्णा त्रेचाळीस वर्षांचा होता. आठ वर्षं त्यानं बॉलला हात लावला नव्हता.

त्याचं कारण त्याचा हात. पंधराव्या वर्षी मिलमध्ये त्याचा उजवा हात मशिनच्या पट्ट्यात सापडला होता. गावच्या हाडवैद्यानं कोपर बसवलं ते वाकडंच बसलं. पुढं तो हात कधी सरळ झाला नाही. तसल्या हातानं हा माणूस असा बॉल टाकायचा की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. एकसष्ट साली जिल्ह्याची टीम निवडायला सामना ठेवला होता. तिथं स्क्वेअर लेगच्या अंपायरनं एकाच ओव्हरमध्ये त्याला अकरा वेळा नो-बॉल दिला. म्हणे, हा बॉल टाकत नाही, फेकतो. अकराव्या वेळी अण्णानं बॉल अंपायरच्या हातात दिला, टोपी घेतली आणि मैदानातून चालत एसटी स्टँडवर गेला. तेव्हापासून त्याला सगळीकडं ‘फेक्या’ म्हणायला लागले. मिलच्या टीममध्ये तो काही वर्षं खेळला. मग तिथंही भांडणं नकोत म्हणून त्याला बसवलं.

तर या वेळी त्यानं साहेबांना एकच अट घातली. बॉलिंगला उतरण्याआधी अंपायरनं त्याचा हात तपासायचा. अंपायर होते गोरे मास्तर, हायस्कुलात ड्रिल शिकवायचे, करडा माणूस. अण्णानं सगळ्यांच्या देखत बाही वर केली. मास्तरांनी मनगट धरून हात ओढला, पिरगाळला, कोपर चाचपलं. अण्णाच्या कपाळावर घाम आला, पण तो हूं की चूं करेना.

“हा हात मुळात सरळच होत नाही,” मास्तर मोठ्यानं म्हणाले. “जो सरळ होत नाही तो फेकणार कसा? टाक तू.”

पंधरा वर्षांत कुणी एवढी साधी गोष्ट केली नव्हती. अण्णा बाही खाली करत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “मध्या, आज सांजच्यापतुर कुनी नो म्हटलं न्हाय तर मी सुटलो बघ.”

त्याला शिल्ड नको होती. एक दिवस, चार लोकांसमोर, कुणी बोट न दाखवता बॉलिंग करायची होती, आणि ती स्कोअरबुकात लिहिली जायला हवी होती. बस.

आता मॅटबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं तेव्हा गवताचं पिच कुठलं? दाबलेल्या मुरमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरायची, दोन्ही कडांना लोखंडी खुंट्या ठोकून ती ताणायची. मॅट ताणलेली असली की बॉल सरळ आणि सारखा उसळतो. बॅट्समन धावून धावून ती सरकते, म्हणून प्रत्येक सुट्टीत फिल्डिंगवाल्यांनी खुंट्या पुन्हा ठोकायच्या. मिलच्या टीममध्ये हे काम कीपरचं होतं. हा नियम अण्णानंच कधीकाळी घालून दिलेला. दिवसभर मॅटवरून येणारा बॉल बघतो कोण, तर कीपर, मग मॅटचं दुखणंही त्यालाच कळणार, असं त्याचं म्हणणं. हातोडा माझ्या मागं गवतात पडलेला असायचा. त्या दिवशी सकाळी मी एकेक खुंटी अशी ठोकली होती की मॅटवर टिचकी मारली तर ढोलकं वाजावं.

अण्णानं त्या सकाळी सहा विकेट काढल्या. त्या कुठंही लिहिलेल्या नाहीत, म्हणून इथं सांगतो. बिराजदारची मी सांगितली. कटारेच्या अंगठ्यावर बॉल बसला, नख उभं चिरलं, रक्तानं बॅटची मूठ घसरायला लागली आणि पुढच्याच बॉलला त्यानं माझ्याकडं कॅच दिला. मला वाटतं आनंदानं दिला. तोडकर डावखुरा होता. त्याच्या गळ्याजवळून एक बॉल असा गेला की तो मागं सरकून स्वतःच्याच स्टंपांवर बसला. हुंडेकरीच्या मांडीवर टेनिस बॉलएवढा गोळा आला आणि तो लंगडत असताना पायचीत झाला. मग दोन पोरगेलेसे गडी आले, ते दोघंही बॉल दिसायच्या आधी बोल्ड. माझी दोन बोटं त्या सकाळी मोडली. चिकटपट्टी गुंडाळून मी उभा राहिलो, कारण तसले बॉल ग्लोव्हजमध्ये घ्यायला मिळणं हे सुख होतं. खरंच सांगतो, मी आयुष्यात त्या दिवसाइतका खूश कधी नव्हतो.

एकटा टिकला तो विलास करंडे. त्रिवेणीचा कॅप्टन, वय सव्वीस. देखणा, उंच आणि तोंडाळ. पुढच्या आठवड्यात पुण्याला राज्याच्या टीमची निवड होती आणि याचं नाव पक्कं आहे असं सगळे बोलत होते. तो प्रत्येक बॉलला अंपायरकडं वळून ‘नो’ म्हणून ओरडायचा. गोरे मास्तर हात पाठीमागं बांधून ढिम्म उभे. एकदा त्यानं अण्णाला विचारलं, काका, बॉल टाकताय का आंब्याला दगड मारताय?  पुढचा बॉल अण्णानं करंडेच्या खांद्यावर घातला. करंडे खांदा न चोळता हसला. हसणं जरा वाकडं होतं, पण हसला.

जेवणाच्या सुट्टीत सहा बाद अडुसष्ट. लिंबाखाली सगळे जेवत होते. अण्णा बाजूला बसला होता, डबा तसाच बंद. मी त्याची बाही वर करायला गेलो तर होईना. कोपर एवढं सुजलं होतं की शिवण टरकली होती. मी म्हणालो, अण्णा, बस झालं, आता दुसऱ्यांना टाकू दे. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी भाकरी चावायला लागलो.

सुट्टीनंतर त्याचा जोर गेला. तेच धावणं, तोच हात, पण बॉल माझ्यापर्यंत दोन टप्प्यांत यायला लागला. करंडेला ते माझ्याआधी कळलं असावं. त्यानं एक चौकार मारला, मग आणखी एक, मग मिलच्या भिंतीपलीकडं षटकार. बॉल शोधायला वेळ गेला. तेवढ्या वेळात तो खेळपट्टीवरून चालत अण्णाजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की काका, संपला जोर, आता घरी जाऊन नातवंडं खेळवा. लोक हसले. आमच्या मिलचे लोकही हसले. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. सकाळी याच लोकांनी अण्णाच्या नावानं शिट्ट्या मारल्या होत्या.

एकशेवीस झाले आणि पाण्याची सुट्टी झाली. साहेबांनी मला सांगितलं की अजून एक ओव्हर, मग सिद्रामला काढतो.

मी हातोडा घेऊन मॅटच्या कडेनं निघालो. प्रत्येक खुंटीला दोन ठोके. करंडेच्या बाजूला, ऑफच्या कडेची तिसरी खुंटी. अण्णाचा बॉल जिथं पडायचा बरोबर तिथली. मी खाली बसलो, इकडंतिकडं बघितलं आणि तिला ठोकायच्या ऐवजी बोटांनी दोन इंच वर उपसली. मग हातोडा शेजारी मुरमात आपटला, दोनदा, लोकांना ऐकू जावा म्हणून.

करंडेला इजा करायची माझ्या मनात नव्हती. मॅट सैल असली की बॉल तिला धरतो, जरा वळतो. तेवढ्यानं बॅटची कड लागेल, मी कॅच घेईन, अण्णाला सातवी विकेट मिळेल आणि तो मान वर करून बाहेर जाईल, इतकंच मी बघितलं होतं. चौदा वर्षं मी मॅटवर कीपिंग केलं होतं. मला मॅट कळते अशी माझी समजूत होती.

पहिल्या बॉलला करंडेनं दोन धावा काढल्या. तो परत येताना त्याचे खिळ्यांचे बूट मॅटमध्ये रुतले आणि ती सैल बाजूला सरकली. मला मागून स्वच्छ दिसलं. तिसऱ्या खुंटीपाशी मॅटला बोटभर उंचीची घडी पडली होती. ओरडून ‘थांबा’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण थांबा म्हटलं तर सगळे येणार, खुंटी बघणार, आणि मग अण्णाच्या सकाळच्या सहाही विकेटवर लोक थुंकणार. अण्णा धावायला लागला होता. मी गप्प उभा राहिलो.

मग ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

करंडे आडवा पडला होता. त्याचा जबडा डाव्या कानाकडं गेला होता आणि तोंड मिटतच नव्हतं. दोन दात मॅटवर पडले होते. तिसरा ओठात अडकला होता. तेव्हा हेल्मेटं कुठली? डोळ्याखालचं हाड आत गेलं होतं आणि त्यातून येणारं रक्त काथ्यात मुरत चाललं होतं. तो ओरडायचा प्रयत्न करत होता, पण जबड्याशिवाय माणसाला ओरडता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

सगळे त्याच्याकडं धावले. मी जागचा हललो नाही. अण्णा मात्र सावकाश चालत आला. मॅटवरून येताना त्याचा बूट त्या घडीवर पडला. तो थांबला. त्यानं खाली घडीकडं बघितलं, मग खुंटीकडं, मग माझ्याकडं. फार वेळ नाही. पण मला सगळं संपल्यासारखं वाटलं. मग त्यानं पायानं मॅटची कड बाहेर ओढली, खुंटीवर टाच ठेवली आणि दोन दणक्यांत ती मुरमात घातली. घडी गेली. त्या गर्दीत कुणीही ते बघितलं नाही.

त्रिवेणीचे गडी स्टंप उपसून आले. बिराजदार पुढं होता. मुद्दाम फेकलास, असं तो ओरडत होता. अण्णा पळाला असता तर वाचला असता, मिलची भिंत वीस पावलांवर होती. तो उभा राहिला.

“टाकला,” तो म्हणाला. “म्या टाकला. जोरात टाकला.”

पहिला स्टंप खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हातावर घेतला, त्याच हातावर. मग तो खाली पडला आणि ते त्या कोपरावर मारतच राहिले. कुणीतरी म्हणत होतं, फेकायचा हातच मोडा. मी मध्ये घुसलो तेव्हा माझ्या कानावर बॅट बसली. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. गोरे मास्तर दोन्ही हात पसरून उभे राहिले, या माणसानं चोख बॉल टाकलाय म्हणून ओरडत होते, त्यांनाही ढकलून पाडलं. प्रेक्षक आत आले आणि मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. स्कोअररचा तंबू पडला. शेणोलीकर साहेब त्याआधीच मिलच्या फाटकाच्या आत गेले होते आणि त्यांनी फाटक लावूनही घेतलं होतं. स्कोअरबुक तंबूखाली तुडवलं गेलं. नंतर फाटलेले दोन कागद मिळाले, ते आमच्या बॅटिंगचे होते.

सामना रद्द झाला. शिल्ड कुणालाच दिली नाही. सिद्राम कोळेकरनं पुन्हा कधी मैदानात पाय ठेवू नये असा चौकशी कमिटी हुकूम काढणार असल्याचं ऐकू आलं, तेव्हा मी दवाखान्यात गेलो. आठ दिवस माझी जायची छाती झाली नव्हती.

त्याचा हात प्लॅस्टरमध्ये, छताला टांगलेला. डॉक्टर म्हणाले होते की आता हा हात घास उचलेल, तेवढंच खूप. मी स्टुलावर बसलो आणि पायांकडं बघत सांगून टाकलं की अण्णा, मी कमिटीपुढं जातो, खुंटी मी उपसली होती असं सांगतो.

तो म्हणाला, “जवळ ये.”

मी वाकलो. त्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी लगावली की मी स्टुलावरून खाली बसलो. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

“ही खुंटीची,” अण्णा म्हणाला. “सहा कसे स्वच्छ काढले होते रं. देवाच्या पूजेवानी.”

तो रडत होता. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. एसटी स्टँडवर गेला त्या दिवशीही तो रडला नव्हता, असं त्याची बायको सांगायची. मी खालीच बसून राहिलो. मग त्यानंच विचारलं की कमिटीपुढं काय बोलणार. मी म्हणालो, खरं ते.

“खरं काय? बाजारात जा आन् इचार, सिद्रामनं सकाळी किती काढले. एकाला सांगता यायचं न्हाय. समदे त्या एकाच बॉलाचं बोलत्यात. त्रेचाळिसाव्या वर्साला जबडा फोडला म्हणत्यात. वही गेली, हात गेला. आता त्यो एक बॉल ऱ्हायलाय. त्यो बी तू नेणार?”

“अण्णा, पण तो तुझा नव्हता.”

“म्हणून तर मागतोय,” तो म्हणाला.

मी कमिटीपुढं गेलो नाही. त्याच्यासाठी गेलो नाही असं मी स्वतःला सांगत आलो. पण घरी येताना मला हायसं वाटलं होतं, हेही खरंच आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

अण्णा पुढं मिलच्या गेटवर बसायचा. डाव्या हातानं बिडी ओढायचा. गावात नवी पोरं क्रिकेट खेळायला लागली, त्यांना म्हातारे लोक त्याच्याकडं बोट दाखवून तो बॉल सांगायचे. दर वर्षी तो बॉल थोडा जास्त वेगानं जायचा. अण्णा ऐकायचा आणि मान हलवायचा. मी समोर असलो की मात्र तो विषय बदलायचा. त्या सहा विकेटबद्दल आम्ही दोघंच बोलायचो, तेही कुणी जवळ नसताना.

नऊ वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्याला जेवणं चालली होती तेव्हा दारात एक रिक्षा थांबली. त्यातून काठी टेकत एक म्हातारा उतरला. चेहरा एका बाजूला ओढलेला, डावा डोळा सतत पाझरणारा. बोलताना तो रुमालानं तोंडाची कड पुसायचा. मी त्याला ओळखायच्या आधी त्यानंच फोटोला हार घातला आणि जमलेल्यांना सांगितलं की मी विलास करंडे, सोलापूरचा.

 त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पुण्याला निवडीला तो कधी गेलाच नाही, पुढं वडिलांचं कापडाचं दुकान बघितलं, असं त्यानं सांगितलं. राग आहे का, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, दोन-चार वर्षं होता. मग त्याच्या लक्षात आलं की राज्याच्या टीमकडून खेळलेले पुष्कळ आहेत, त्यांना गल्लीतही कुणी विचारत नाही. याला मात्र लोक लग्नाकार्यात मुद्दाम बोलावून घेतात आणि म्हणतात, दाखवा. नातवांच्या शाळेतसुद्धा त्यानं ती गोष्ट सांगितली होती.

“असला बॉल या जिल्ह्यात पुन्हा कुणी टाकला नाही,” तो म्हणाला. “मी इतके बोलर खेळलो, पण उसळलेला कळलाच नाही. माणूस नव्हता हो तो.”

लोकांनी माना डोलावल्या. अण्णाचा मुलगा डोळे पुसत होता. मग कुणीतरी करंडेला सांगितलं की हे ढगे, त्या दिवशीचे कीपर. तो काठी टेकत उठला, माझ्यासमोर आला आणि माझी वाकडी बोटं त्यानं दोन्ही हातांत धरली. त्याचा जबडा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. टाके कुठं घातले होते ते मोजता येत होतं.

“तुम्ही बरोबर मागं होता,” तो म्हणाला. “मी इतकी वर्षं कुणाला तरी विचारायचं म्हणतोय. तुम्हाला कसा दिसला तो?”

अंगणातले सगळे माझ्याकडं बघत होते. फोटोतला अण्णाही.

“दिसलाच नाही,” मी म्हणालो.

करंडेचं ते मोडकं तोंड आनंदानं उघडलं. तो लोकांकडं वळला आणि म्हणाला, ऐका, कीपरलासुद्धा दिसला नाही. सगळे हसले, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी खोटं बोललो नव्हतो. तो बॉल सुटला तेव्हा मी तिसऱ्या खुंटीकडं बघत होतो.